बेसबॉलमधील लबाडीचे प्रकरण कसे तपासावे

बेसबॉलच्या एखाद्या खेळाडूवर कारवाई झाल्याची बातमी आपल्यापर्यंत येते, तेव्हा ती बहुधा दोन ओळींची असते: अमुक खेळाडू, इतक्या सामन्यांचे निलंबन. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला, आणि विशेषतः अमेरिकेत स्थायिक होऊन मुलांबरोबर हा खेळ नव्याने पाहू लागलेल्या पालकांना, त्या दोन ओळींमागे जवळजवळ दीडशे वर्षांचा हिशेब असतो हे चटकन जाणवत नाही. असे प्रकरण समोर आले की कोणते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावेत, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. लबाडी कोणी केली हे शोधणे आवश्यकच आहे, परंतु शिक्षा देण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि त्या अधिकाराने कोणाला स्पर्शही केला नाही, हे पाहिल्याशिवाय बेसबॉलमधील एकही प्रकरण पूर्ण समजत नाही.

आधी लबाडीचा प्रकार ओळखावा

लबाडी हरण्यासाठी होती की जिंकण्यासाठी, हे सर्वप्रथम वेगळे करावे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची नॅशनल लीग स्थापन झाली १८७६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी लुईव्हिल ग्रेज हा अव्वल स्थानावरचा संघ हंगामाच्या उत्तरार्धात अनाकलनीय रीतीने हरू लागला. खेळाडूंच्या नावे आलेल्या तारा (टेलिग्राम) तपासण्यात आल्या, सट्टेबाजांशी चाललेला व्यवहार उघड झाला आणि चार खेळाडूंना कायमचे बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी बिल क्रेव्हर याने पैसे घेतल्याचे सिद्ध झालेले नव्हते. त्याने आपल्या तारा दाखवण्यास नकार दिला आणि त्याची कारकीर्द तेथेच संपली. संघाचा मुख्य पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, जिम डेव्हलिन हा नंतर वारंवार क्षमायाचना करत राहिला, पण लीगचे अध्यक्ष विल्यम हल्बर्ट यांनी त्याला कधीही परत घेतले नाही. सट्ट्याच्या बाबतीत बेसबॉलची कठोरता इतकी जुनी आहे.

याच्या शेजारी गेलॉर्ड पेरी यांचे उदाहरण ठेवून पाहावे. चेंडूला थुंकी किंवा ग्रीससारखा चिकट पदार्थ लावला की चेंडू हवेत अनपेक्षित वळतो. १९२० मध्ये या युक्तीवर बंदी आली आणि तिच्यावरच पोट असलेल्या १७ पिचरना निवृत्तीपर्यंत सवलत देण्यात आली. त्या सवलतीतला शेवटचा पिचर बर्ले ग्राइम्स १९३४ पर्यंत खेळला. पेरी यांची कारकीर्द त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी सुरू झाली, म्हणजे त्यांना कोणतीही सवलत नव्हती. तरीही आपण चेंडूला काय काय लावत होतो हे त्यांनी १९७४ मध्ये, खेळत असतानाच, आत्मचरित्रात लिहून टाकले. चेंडूशी छेडछाड केल्याबद्दल त्यांना मैदानाबाहेर काढले गेले ते थेट १९८२ मध्ये. ३१४ विजय नावावर असलेले पेरी १९९१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनात, दाखल झाले. त्याच वर्षी हॉल ऑफ फेमने बंदी असलेल्या व्यक्तींचे नाव मतपत्रिकेवर येऊ नये असा नियम केला, आणि त्यामुळे सर्वाधिक म्हणजे ४,२५६ हिट्स (बेस गाठून देणारे फटके) मारणाऱ्या, पण सट्ट्यामुळे बंदी आलेल्या पीट रोझ यांच्यासाठी ते दार बंद झाले.

एकाच वर्षातील या दोन निर्णयांमागचा तर्क समजून घेतला तर पुढची अनेक प्रकरणे सोपी होतात. चेंडूला ग्रीस लावणारा पिचर नियम मोडतो, पण सामना जिंकण्यासाठी जिवाचे रान करतो; पंचाने पकडले तर त्याला शिक्षा होते आणि खेळ पुढे चालू राहतो. सट्ट्यात गुंतलेला माणूस मात्र प्रेक्षकाचा हा विश्वासच काढून घेतो की मैदानावर दोन्ही बाजू खरोखर जिंकू पाहत आहेत. आपण नेहमी स्वतःच्या संघाच्या विजयावरच पैसे लावले, असे रोझ यांचे म्हणणे होते आणि त्यांचे चाहते आजही तेच सांगतात. हे म्हणणे खरे धरले तरी अडचण सुटत नाही. १९८७ च्या हंगामात सिनसिनाटी रेड्सचे व्यवस्थापक असताना त्यांनी स्वतःच्या संघाच्या ५२ सामन्यांवर पैसे लावल्याचे चौकशीत नोंदवले गेले. म्हणजे उरलेल्या सामन्यांच्या दिवशी त्यांचे गप्प राहणे हीच सट्टेबाजासाठी एक सूचना होती, आणि ज्या दिवशी पैसे लावलेले असतील त्या दिवशी दमलेल्या पिचरला विश्रांती देण्याऐवजी मैदानात उतरवण्याचा मोह व्यवस्थापकाला होऊ शकत होता. नियम २१ याच कारणाने सरळ शब्दांत लिहिलेला आहे: ज्या सामन्याशी आपला संबंध नाही त्यावर पैसे लावल्यास एक वर्ष, आणि ज्या सामन्यात आपले कर्तव्य आहे त्यावर लावल्यास कायमची अपात्रता. हा नियम प्रत्येक संघाच्या क्लबहाऊसमध्ये (खेळाडूंच्या खोलीत) भिंतीवर लावलेला असतो.

त्या दिवशी नियम काय होता ते पाहावे

आजचा नियम कालच्या खेळाडूला लावण्याची चूक फार सहज होते. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात होम रनची (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यांची) चुरस रंगली असताना मॅग्वायर यांच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या उत्तेजक द्रव्याची बाटली एका पत्रकाराला दिसली. ऑलिंपिकमध्ये त्या द्रव्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. मॅग्वायर यांनी त्या वर्षी ७० होम रन मारले. पुढे २०१० मध्ये त्यांनी स्टेरॉइड घेतल्याचेही मान्य केले, आणि तेथे प्रश्न वेगळा होतो: बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, फे व्हिन्सेंट यांनी १९९१ मध्येच बेकायदा द्रव्ये निषिद्ध असल्याचे परिपत्रक काढले होते, पण ते पाळले जाते की नाही हे तपासण्याची व्यवस्थाच अस्तित्वात नव्हती. पहिली सर्वेक्षण चाचणी झाली २००३ मध्ये, तीही निनावी. पाच टक्क्यांहून अधिक नमुने दोषी आढळले तरच पुढच्या वर्षी शिक्षेसह चाचण्या सुरू व्हायच्या होत्या, आणि तसेच घडले. नियम होता पण तपासणी नव्हती, अशा काळातील खेळाडूला दोष देताना ती तपासणी कोणी अडवली हेही विचारावे. उत्तर असे की खेळाडूंच्या संघटनेने तिला विरोध केला, आणि १९९४ च्या संपाने दुरावलेला प्रेक्षक होम रनच्या वर्षावाने परतत असल्याचे पाहून संघमालकांनीही तिच्यासाठी जोर लावला नाही.

खुणा चोरण्याच्या बाबतीत तर रेषा आणखी बारीक आहे. कोणता चेंडू टाकायचा हे कॅचर (बॅटरमागे बसणारा खेळाडू) २०२२ पूर्वी बोटांच्या खुणांनीच पिचरला सांगत असे. दुसऱ्या बेसवर (धावण्याच्या मार्गावरील थांब्यावर) उभ्या असलेल्या धावपटूने डोळ्यांनी ती खूण ओळखून आपल्या बॅटरला इशारा दिला तर ते कौशल्य मानले जाते आणि नियमाला धरून आहे. आजच्या नियमाने यंत्र मध्ये आले की गुन्हा सुरू होतो. १९०० मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने प्रशिक्षकाच्या पायाखाली जमिनीत विजेची पेटी पुरली होती आणि दूर बसलेला सहकारी दुर्बिणीतून खुणा पाहून तिच्यात कंपने पाठवत होता. १९५१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने आपल्या पोलो ग्राउंड्स मैदानाच्या सेंटर फील्डमधील, म्हणजे बॅटरच्या समोरच्या दूरच्या टोकाच्या, क्लबहाऊसमधून दुर्बीण लावली. ऑगस्टमध्ये गुणतक्त्यात तेराहून अधिक सामन्यांनी मागे असलेला हा संघ बरोबरीला आला आणि बॉबी थॉमसन यांच्या सुप्रसिद्ध होम रनने नॅशनल लीगचा विजेता ठरला. त्या दुर्बिणीची सविस्तर हकीकत वृत्तपत्रात छापून आली पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये. तोपर्यंत त्या संघातील सर्व खेळाडू कधीच निवृत्त झालेले होते.

पुरावा कोठून आला हे तपासावे

बेसबॉलमधील फार थोड्या लबाड्या पंचांनी पकडल्या आहेत. बहुतेक वेळा आतला माणूस बोलतो, किंवा कागद बोलतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने २०१७ मध्ये सेंटर फील्डमधील कॅमेऱ्याचे चित्र डगआउटजवळच्या पडद्यावर आणले, कॅचरच्या खुणा उलगडल्या आणि वळणारा चेंडू येणार असला की कचऱ्याच्या डब्यावर ठोका मारायचा, अशी पद्धत बसवली. ठोका नसेल तर वेगवान चेंडू येणार असे बॅटरने समजायचे. शिकागोच्या एका पिचरला त्याच हंगामात हे ठोके खटकले होते, पण प्रकरण जगासमोर आले नोव्हेंबर २०१९ मध्ये, जेव्हा त्या संघातून खेळलेला पिचर माइक फायर्स नाव न लपवता पत्रकारांशी बोलला. त्यानंतर ॲस्ट्रोजच्याच एका चाहत्याने त्या हंगामातील घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे चित्रण एकेक चेंडू थांबवून ऐकले आणि अकराशेहून अधिक ठोक्यांची नोंद केली. आपल्याच आवडत्या संघाविरुद्धचा पुरावा इतक्या चिकाटीने गोळा करणाऱ्या त्या माणसाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

पुराव्याच्या वाटचालीकडेही लक्ष द्यावे. रायन ब्रॉन यांचा नमुना २०११ मध्ये दोषी आढळला, पण तो गोळा करणाऱ्याने लगेच कुरिअरकडे न देता शनिवार-रविवार घरी ठेवल्याच्या मुद्द्यावर लवादाने २०१२ च्या सुरुवातीला शिक्षा रद्द केली. नमुन्यात काय आढळले, यावर लवादापुढे मुख्य वाद नव्हताच. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातील एका दवाखान्याच्या कागदपत्रांतून नवे प्रकरण निघाले आणि ब्रॉन यांनी ६५ सामन्यांचे निलंबन स्वीकारले. तांत्रिक कारणावरून सुटका आणि निर्दोषत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे वाचकाने नेहमी ध्यानात ठेवावे. त्याचबरोबर नमुना हाताळण्याचे नियम खेळाडूच्या संरक्षणासाठी असतात आणि ते मोडल्यावर खेळाडूला लाभ मिळणे न्याय्यच आहे, हेही मान्य करावे.

न्यायालयाचा निकाल आणि खेळाचा निकाल वेगळे वाचावेत

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, शिकागो व्हाइट सॉक्स सिनसिनाटीकडून पाच विरुद्ध तीन सामन्यांनी हरले. पहिल्याच सामन्यात पिचर एडी सिकॉट याने सिनसिनाटीच्या पहिल्या बॅटरला चेंडू मारला, आणि कट ठरल्याचा तो संकेत होता. एक वर्षानंतर शिकागोत ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळापुढे) सिकॉट आणि जो जॅक्सन यांनी पैसे घेतल्याचे सांगितले. खटला उभा राहिला तोपर्यंत त्या साक्षींचे मूळ कागद नाहीसे झाले होते. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्युरीने सर्वांना निर्दोष ठरवले, आणि दुसऱ्याच दिवशी नवे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांनी ज्युरीचा निकाल काहीही असो, कटात सामील ठरवलेल्या शिकागोच्या आठही खेळाडूंना पुन्हा व्यावसायिक बेसबॉल खेळता येणार नाही असे जाहीर केले. लँडिस स्वतः संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश होते, म्हणून हा विरोधाभास अधिकच ठळक दिसतो.

खासगी संस्थेला आपल्या सदस्यांबाबत न्यायालयापेक्षा कमी पुराव्यावर निर्णय घेण्याचा अधिकार असतो, आणि खेळ चालवण्यासाठी तो काही प्रमाणात लागतोच. परंतु त्यामुळे एकाच तराजूत सगळे तोलले जाण्याचा धोका निर्माण होतो. सिकॉट याने दहा हजार डॉलर घेतले आणि तसा खेळही केला. जॅक्सनने पाच हजार डॉलर घेतले, पण त्या मालिकेत बारा हिट्स मारले आणि त्याची सरासरी .३७५ (दर आठ प्रयत्नांत तीन हिट्स) होती; तो मन लावून खेळला की नाही यावर शंभर वर्षे वाद चालू आहे. बक वीव्हर कटाच्या बैठकांना हजर होता, त्याने एक पैसाही घेतला नाही, आणि माहिती असूनही संघाला सांगितले नाही. तिघांनाही शिक्षा एकच. वीव्हर १९५६ मध्ये मरेपर्यंत नाव स्वच्छ करण्यासाठी अर्ज करत राहिला. वीव्हरचा दोष खरा होता, असे मला वाटते, कारण मौनाशिवाय असा कट तगत नाही. पण मौनाला विश्वासघाताइतकीच शिक्षा दिली की पुढच्या वेळी बोलू पाहणाऱ्यालाही उशीर झाल्याची भीती वाटते आणि तो गप्पच बसतो.

शिडीच्या वरच्या पायऱ्या पाहाव्यात

आता मुख्य प्रश्न. प्रत्येक प्रकरणात खालून वर जाऊन पाहावे: खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, महाव्यवस्थापक, मालक, कमिशनर. प्रत्येक पायरीवर कोणाला काय माहीत होते आणि कोणाला काय भोगावे लागले, याची दोन रकान्यांची नोंद केली तरी पुरे.

व्हाइट सॉक्सचे मालक चार्ल्स कोमिस्की यांच्या कानावर संशय मालिका चालू असतानाच आला होता. त्यांनी माहितीसाठी बक्षीस जाहीर केले आणि त्याच वेळी संशयितांपैकी सात जणांना १९२० च्या हंगामात खेळवले. पुढे थकलेल्या पगारासाठी जॅक्सनने दावा लावला, तेव्हा १९२४ मध्ये मिलवॉकीच्या न्यायालयात त्याची ती जुनी साक्ष मालकाच्या वकिलांनी पुढे केली. कोमिस्की यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. त्यांचे नाव हॉल ऑफ फेममध्ये आहे.

स्टेरॉइडच्या काळाची नोंद केली तर चित्र असेच निघते. माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांच्या डिसेंबर २००७ च्या अहवालात ८९ खेळाडूंची नावे होती. साक्षीला बोलावण्याची सक्ती करण्याचा अधिकार मिचेल यांना नव्हता, बहुतेक खेळाडूंनी बोलण्यास नकार दिला, आणि त्यामुळे एका माजी क्लबहाऊस कर्मचाऱ्याला व एका प्रशिक्षकाला जे ग्राहक ठाऊक होते त्यांचीच नावे प्रामुख्याने आली. अहवालाने दोष कमिशनरपासून संघटनेपर्यंत सर्वांचा असल्याचे म्हटले होते. तरीही ७६२ होम रन मारणारे बॅरी बाँड्स आणि पिचर रॉजर क्लेमन्स यांची नावे पत्रकारांच्या मतपत्रिकेवर दहा वर्षे राहून २०२२ मध्ये आवश्यक ७५ टक्क्यांअभावी उतरली, तर स्टेरॉइडच्या काळात कमिशनरपदी असलेले बड सेलिग २०१७ मध्ये सन्मानाने हॉल ऑफ फेममध्ये गेले.

ह्यूस्टनच्या प्रकरणात शिडीची मधली पायरी तुटली. जानेवारी २०२० मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी महाव्यवस्थापक जेफ लूनाउ आणि व्यवस्थापक ए. जे. हिंच यांना एक वर्षासाठी निलंबित केले, संघाला नियमानुसार शक्य असलेला सर्वाधिक म्हणजे ५० लाख डॉलरचा दंड केला आणि दोन वर्षांच्या ड्राफ्टमधील (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) पहिल्या दोन फेऱ्यांचे हक्क काढून घेतले. साक्षीच्या बदल्यात खेळाडूंना अभय मिळाले, संघाचे २०१७ चे वर्ल्ड सिरीज विजेतेपद कायम राहिले, मालक जिम क्रेन यांच्यावर ठपका आला नाही आणि त्यांनी त्याच दिवशी दोघांनाही कामावरून काढले. हिंच पुढच्याच हंगामात डेट्रॉइटचे व्यवस्थापक झाले. खेळाडूंना अभय देण्यामागे कारण होते: सप्टेंबर २०१७ मध्ये कमिशनरांनी यंत्राच्या वापराबद्दल संघव्यवस्थापनाला जबाबदार धरण्याचा इशारा दिला होता, आणि तो खेळाडूंपर्यंत नीट पोहोचलाच नव्हता. कारण समजते, पण डब्यावर ठोके मारणारे हात खेळाडूंचे होते आणि होम रनही त्यांच्याच नावावर जमा झाले, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. बॉस्टन संघाच्या २०१८ च्या हंगामाची चौकशी झाली, तेव्हा जबाबदारी सरकत सरकत चित्रफिती हाताळणाऱ्या एका कर्मचाऱ्यापर्यंत खाली गेली.

लबाडी म्हणजे फक्त मैदानावरची, ही समजूतही याच पायरीवर सोडावी. १९८५ ते १९८७ या काळात संघमालकांनी आपसांत संगनमत करून करारमुक्त खेळाडूंना बोली लावायची नाही असे ठरवले. लवादाने ते करारभंग ठरवले आणि १९९० मध्ये मालकांनी खेळाडूंना २८ कोटी डॉलर द्यायचे मान्य केले. चांगल्या खेळाडूवर बोली न लावणारा मालक आपला संघ जाणूनबुजून दुबळा ठेवतो. हरण्यासाठी पैसे घेणाऱ्या पिचरपासून हे फार दूर नाही. एकाही मालकाचे निलंबन झाले नाही. मालकाला बाहेर काढल्याचे ठळक उदाहरण १९४३ चे आहे, जेव्हा लँडिस यांनी फिलाडेल्फिया फिलीजचे मालक विल्यम कॉक्स यांना स्वतःच्या संघावर पैसे लावल्याबद्दल कायमचे काढले. सट्ट्याच्या गुन्ह्यात मालकाची पायरीही सुरक्षित राहिली नाही.

शिक्षेची मुदत तपासावी

बेसबॉलमधील ‘कायमची’ अपात्रता २०२५ पर्यंत मृत्यूनंतरही संपत नव्हती. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारले, आणि मे २०२५ मध्ये मॅनफ्रेड यांनी मृत्यूबरोबर अपात्रता संपते असा निर्णय देऊन रोझ, जॅक्सन, वीव्हर आणि कॉक्स यांच्यासह १७ मृतांची नावे यादीतून काढली. उत्तेजक द्रव्यांसाठी २०१४ पासून पहिल्या गुन्ह्याला ८० सामने, दुसऱ्याला १६२ म्हणजे पूर्ण हंगाम, आणि तिसऱ्याला कायमची बंदी असे प्रमाण आहे. बातमीतला आकडा यावरून ताडून पाहावा.

ताज्या प्रकरणावर हे प्रश्न वापरून पाहावेत

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँडचे पिचर इमॅन्युएल क्लासे आणि लुईस ऑर्टिझ यांच्यावर न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात आरोपपत्र दाखल झाले. ठरावीक चेंडू ठरावीक प्रकारे टाकून त्याची आगाऊ माहिती सट्टा लावणाऱ्यांना दिल्याचा, आणि त्यातून त्या मंडळींनी चार लाख डॉलरहून अधिक कमावल्याचा हा आरोप आहे. दोघांनीही तो नाकारला.

वरच्या क्रमाने गेले तर प्रकार लगेच कळतो: आपल्याकडील स्पॉट फिक्सिंगचाच हा आरोप आहे, सामना न हरताही करता येणारा. नियमही स्पष्ट आहे, नियम २१. पुराव्याचा प्रश्न न्यायालयासमोरचा आहे आणि आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे वीव्हरची आठवण ठेवून वाचावे. शिडीवर मात्र येथे नवी पायरी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये क्रीडासट्ट्यावरील संघराज्याची बंदी उठवली आणि त्याच वर्षी मेजर लीग बेसबॉलने एका सट्टा चालवणाऱ्या कंपनीशी भागीदारी केली. एकेका चेंडूवर पैसे लावण्याची सोय त्यानंतरच्या याच बाजारातून सर्वदूर झाली. आरोपपत्र आल्यावर लगेच लीगने कंपन्यांशी बोलून एका चेंडूवरच्या सट्ट्याला २०० डॉलरची मर्यादा घातली. ती मर्यादा आधी का नव्हती, आणि त्या सोयीतून मिळणाऱ्या पैशात कोणाचा वाटा होता, हे दोन प्रश्न नोंदीत सर्वांत वरच्या पायरीपुढे लिहून ठेवावेत आणि खटल्याचा निकाल काहीही लागला तरी त्यांची उत्तरे लीगकडे मागत राहावे.